वरातीमागून जनरेटर

इस्लापूरच्या बाजारात हिरव्या नंबरपाटीची गाडी उभी राहिली, की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. पहिला प्रश्न असतो, “पाटी हिरवी कामून हाय? फॉरेस्टची हाय का?” किनवट तालुका सागाच्या जंगलाचा. इथं हिरवा रंग दिसला की लोकांना आधी वनखातं आठवतं. गाडी विजेवरची आहे, सरकारनेच अशा गाड्यांना हिरवी पाटी नेमून दिली आहे, हा खुलासा झाला की मग किंमत विचारली जाते. ती ऐकून कोणीतरी “एवढ्यात ट्रॅक्टर आला असता” असं म्हणून मोकळा होतो. आणि शेवटी गर्दीतले एखादे निवृत्त गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून मुद्द्याचं विचारतात, “अन् मधीच चार्जिंग खलास झाली तर काय करताव?”

गाडीवाला सहसा पुण्याचा असतो. म्हणजे मूळचा इस्लापूरचाच, पण हिंजवडीत नोकरीला असलेला आणि दिवाळीला आईवडिलांकडे आलेला. तो मोबाइल काढून चार्जिंग स्टेशनांचा नकाशा दाखवतो. नकाशात पुण्याभोवती ठिपक्यांची दाटी असते, नांदेडभोवती बऱ्यापैकी असते, आणि भोकर ओलांडून किनवटकडे सरकलं की ठिपके विरळ होत जातात. गुरुजी नकाशा बघतात, गाडी बघतात आणि “बरं” म्हणतात. त्या एका ‘बरं’मध्ये केवढा अविश्वास मावतो, हे ज्यांनी मराठवाड्यात सोयरीक जमवली आहे त्यांनाच ठाऊक.

गुरुजींचा प्रश्न अडाणी नाही. इस्लापूरहून हिमायतनगर वीसेक किलोमीटर, किनवट पस्तीस-चाळीस, आणि नांदेड शंभरच्या आसपास. सीटी स्कॅन नांदेडला, कोर्टाची वरची पायरी नांदेडला, लग्नाचा बस्ता नांदेडला. म्हणजे जाऊन-येऊन दोनशे. रोजचं फिरणं बघावं तर शाळा, बँक, शेत आणि फार तर हिमायतनगरचा दवाखाना. एवढं कुठल्याही बॅटरीला झेपतं. पण गाडी घेताना माणूस रोजच्या दिवसाचा विचार करतच नाही. रात्री दोन वाजता कोणाच्या तरी छातीत दुखायला लागेल आणि नांदेड गाठावं लागेल, असा वर्षातला एकच दिवस तो डोळ्यांपुढे ठेवतो. त्याच्या हिशेबात तो एक दिवस उरलेल्या ३६४ दिवसांना भारी पडतो.

या एका दिवसासाठी जगभरच्या इंजिनिअरांनी एक तोड काढली. गाडी विजेचीच ठेवायची, पण कोपऱ्यात एक चिमुकलं पेट्रोल इंजिन बसवून द्यायचं. कागदोपत्री याला रेंज एक्स्टेंडर म्हणतात.

मराठवाड्यातली रात्रीची वरात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे यंत्र वेगळं समजावून द्यायला नको. पुढे बँड, मध्ये घोड्यावर नवरदेव, दोन्ही अंगांना डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेली माणसं, त्या सगळ्यांना ओवून आलेली वायर, आणि सर्वांत मागे हातगाड्यावर धडधडणारा जनरेटर. जनरेटर नाचत नाही. घोड्याला ओढत नाही, नवरदेवाला ढकलत नाही. दिवे विझू न देणं एवढंच त्याचं काम. रेंज एक्स्टेंडर गाडीतलं इंजिन नेमक्या याच हुद्द्यावर असतं. चाकांशी त्याचा काडीचा संबंध नाही. चाकं फिरवते ती विजेची मोटर, इंजिन फक्त वीज तयार करून मागून पुरवतं. वरातीमागून घोडं आलं तर लोक हसतात. जनरेटरची जागाच मागे.

या जातीची सगळ्यांत नावाजलेली छोटी गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची आय-थ्री. २०१३ साली ती जर्मनीतल्या लाइपझिगच्या कारखान्यातून बाहेर पडली. लांबी ३,९९९ मिलिमीटर. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना कराची सवलत असते. जर्मनांनी ती डोळ्यांसमोर ठेवूनच कापली की काय, असं वाटावं, पण ती भारतात अधिकृतपणे विकायला काही आली नाही. सांगाडा कार्बन फायबरचा, बॅटरी सुरुवातीला २२ किलोवॉट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत २२ युनिटांची. ज्याला धाकधूक वाटते त्याने जादा पैसे मोजून मागच्या बाजूला मोटरीशेजारी ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवून घ्यायचं. हे इंजिन कंपनीच्याच सी ६५० जीटी या दांडग्या स्कूटरचं. एवढ्याने गाडीचं वजन १२० किलोंनी वाढायचं. म्हणजे मनाची शांती मिळावी म्हणून सोयाबीनच्या दोन पोत्यांएवढं ओझं बारा महिने डिकीखाली वागवायचं.

टाकी किती? नऊ लिटर. आपल्या हिरो स्प्लेंडरची टाकी ९.८ लिटरची असते. किनवट तालुक्यातल्या प्रत्येक दुसऱ्या घरापुढे उभी असलेली ती दुचाकी त्या भरवशावर पाचशे किलोमीटरच्या वर जाते. बीएमडब्ल्यू तेवढ्यात सव्वाशे-दीडशे जाणार, कारण बॅटरी संपल्यावर ती लिटरला पंधरा-सोळाचाच हिशेब देते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पहिली इंजिनवाली आय-थ्री मोजली तेव्हा बॅटरीवर ७२ मैल, म्हणजे ११६ किलोमीटर भरले, आणि टाकी धरून एकूण १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटर. इस्लापूरकराने हे आकडे नीट वाचावेत. नांदेडला जाऊन बस्ता बांधून, गुरुद्वाऱ्यात लंगरला बसून परत यायला दोनशे लागतात. गाडी घरी पोचते आणि वर चाळीस किलोमीटर शिल्लक राहतात. जर्मनांनी नकळत ही गाडी आपल्यासाठीच बनवली होती.

टाकी एवढीशी का, याची गोष्ट मजेची आहे. कॅलिफोर्नियाने अशा गाड्यांसाठी एक वेगळा वर्ग आखला. नियम असा की पेट्रोलवरचं अंतर बॅटरीवरच्या अंतरापेक्षा जास्त असता कामा नये, आणि बॅटरी जवळजवळ रिकामी झाल्याशिवाय इंजिनाने तोंड उघडू नये. हेतू चांगला होता. विजेच्या नावावर सवलत घ्यायची आणि जन्मभर पेट्रोल जाळायचं, असल्या हुशारीला आळा बसावा म्हणून. मग अमेरिकेतल्या आय-थ्रीमध्ये टाकी काठोकाठ भरलीच जाऊ नये, अशी सॉफ्टवेअरची तजवीज केली गेली. गिऱ्हाइकांनी काय करावं? लॅपटॉप जोडून ती तजवीज काढून टाकली. नियम आणि जुगाड यांचं नातं फक्त आपल्याकडेच आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडून द्यावा.

दुसऱ्या अटीने मात्र चढावर पंचाईत केली. आय-थ्रीची मोटर १२५ किलोवॉटची, जवळजवळ १७० अश्वशक्तीची. मागचं इंजिन वीज देणार २८ किलोवॉट. सपाटीला हे पुरतं, कारण एका वेगाने जाणाऱ्या लहान गाडीला फार शक्ती लागत नाही. लांब चढ लागला की खर्च जास्त आणि आवक कमी. बॅटरीत शिल्लक नसेल तर गाडी हळूहळू बसत जाते. अमेरिकेत महामार्गावरच्या चढांवर असं झालं, मंडळी २०१६ मध्ये कोर्टात गेली. युरोपात ही अडचण नव्हती. तिथं बॅटरी पाऊण भागाच्या खाली आली की चालकाला हवं तेव्हा इंजिन सुरू करून शिल्लक राखून ठेवता यायची. आता माहूरगडाचा चढ डोळ्यांसमोर आणा. मागे सासूबाई, मांडीवर देवीच्या ओटीचं ताट, बॅटरीत सहा टक्के, आणि गाडीचा वेग चाळीसवरून तीस, तीसवरून वीस. सासूबाई रेणुकेचा धावा करणार, जावई कॅलिफोर्नियाचा उद्धार करणार.

शेवरलेच्या व्होल्ट गाडीची तऱ्हा आणखी निराळी. २०१० च्या अखेरीस अमेरिकेत आलेली ही गाडीही याच कुळातली, पण थोरल्या घरची. कित्येक मालकांचं रोजचं जाणं-येणं बॅटरीवरच भागायचं आणि पेट्रोल टाकीत पडून राहायचं. पडून राहिलेलं पेट्रोल खराब होतं आणि न फिरलेलं इंजिन आखडतं. म्हणून फार दिवस काम मिळालं नाही की इंजिन देखभालीच्या नावाखाली दहा मिनिटं आपणहून सुरू व्हायचं, आणि टाकीतलं पेट्रोल वर्षभराचं जुनं झालं की गाडी ते जाळून संपवायची. लागेल म्हणून ठेवलेली वस्तू लागली नाही, तर तिलाच काम शोधून द्यावं लागतं, असा हा प्रकार.

या सगळ्यात नवीन काय आहे? फारसं काही नाही. फर्डिनांड पोर्श या तरुण इंजिनिअरने १९००-०१ च्या सुमारास चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी बसवलेली आणि पेट्रोल इंजिनावर जनित्र फिरवणारी गाडी बनवली होती. आणि तेवढ्या लांब तरी कशाला जायचं? इस्लापूरच्या माणसाने हे तंत्र लहानपणापासून रोज पाहिलं आहे, फक्त त्याला कोणी सांगितलं नाही. मुदखेड–आदिलाबाद मार्गावरून नंदीग्राम एक्स्प्रेस वर्षानुवर्षं डिझेल इंजिनाने ओढली. भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन असं म्हणतो आपण, पण त्यातलं डिझेल चाकाला हातही लावत नाही. डब्ल्यूडीएम-२ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. पहिली खेप १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. डिझेल इंजिन जनित्र फिरवतं, जनित्राची वीज सहा आसांवरच्या सहा मोटरींना जाते, आणि गाडी हलते. वीज साठवून ठेवणारी मोठी बॅटरी तेवढी नाही, बाकी सगळा मामला आय-थ्रीचाच. टाकी मात्र पाच हजार लिटरची. त्यामुळे नंदीग्रामच्या ड्रायव्हरला “मधीच खलास झाली तर?” असं गुरुजींनी कधी विचारलं नाही.

खुद्द महाराष्ट्रातल्या कंपनीने ही गाडी जगापुढे मांडली होती, हे तर बहुतेकांच्या गावीही नाही. मार्च २०१२ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सने मेगापिक्सेल नावाची चार जणांची गाडी उभी केली. वर्षभर आधी त्याच ठिकाणी दाखवलेल्या पिक्सेलची ही अंगाने मोठी बहीण. बॅटरी १३ युनिटांची, सोबत ३२५ सीसीचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर. नुसत्या बॅटरीवर ८७ किलोमीटर आणि एका टाकीत एकूण ९०० पर्यंत, असा कंपनीचा दावा. ८७ मध्ये इस्लापूरकराचा आठवड्यातला कुठलाही साधा दिवस भागतो आणि ९०० मध्ये तो मुंबईला पोचून वर दोनशे किलोमीटर पार्किंग शोधत फिरू शकतो. गाडी जागच्या जागी गर्रकन वळायची, दारं सरकती होती, मासिकांनी चकचकीत फोटो छापले. मग ती प्रदर्शनातून घरी गेली ती गेलीच. मारुतीनेही स्विफ्टचा असा एक अवतार दाखवला, ६५८ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनाचा. तोही शोरूमपर्यंत पोचला नाही. म्हणजे आज घडीला इस्लापूरच्या शेठजींनी पैशाची थैली घेऊन नांदेडचा प्रत्येक शोरूम पालथा घातला, तरी ही जातकुळी असलेली लहान गाडी त्यांना मिळणार नाही. मिळतात त्या निव्वळ बॅटरीच्या. टियागो ईव्ही १९.२ किंवा २४ युनिटांची, एमजी कॉमेट १७.३ युनिटांची, पंच ईव्ही त्याहून मोठ्या बॅटरीची.

तेव्हा हिशेब या बिनइंजिनाच्या गाड्यांपासूनच सुरू करायला हवा.

आधी चार्जिंग. चोवीस युनिटांची बॅटरी घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर भरायला रात्रभर लागते, आठ-नऊ तास धरा. पुण्यात रात्र म्हणजे रात्र. इस्लापूरला रात्रीचे तुकडे असतात. संध्याकाळी वारा सुटला की डीओ फ्यूज उडतो, पावसाचे चार थेंब पडले की फीडर बंद, डीपी जळाला तर दुसरा येईपर्यंत गावाला सहनशीलतेचा अभ्यास. वीज आली तरी दाब कधी दोनशेच्या खाली असतो. घरातला पंखा कुरकुरत का होईना फिरतो. गाडीचा चार्जर तेवढा सोशिक नाही. त्याला पुरेसा दाब लागतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग लागतं. ते नीट नसेल तर तो लाल दिवा लावून सरळ असहकार पुकारतो. कित्येक घरांत तिसऱ्या पिनेचं भोक केवळ शोभेला असतं, आणि हे त्या घरात विजेची गाडी येईपर्यंत कोणाला कळलेलं नसतं. मग वायरमनला बोलावणं जातं. अंगणात खड्डा, खड्ड्यात पत्रा, मीठ, कोळसा आणि वरून पाणी. मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला टेकलेला असताना, घरातली म्हातारी अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतणाऱ्या नातवाला विचारते, “झाडाला घालाय पाणी नाही, अन् गाडीला पाजालाव का?”

आकडा टाकून गाडी चार्ज करता येईल का, हा प्रश्न चावडीवर निघतोच. निघू द्यावा. चार्जरलाच आकड्याची वीज पचत नाही. तारेवरून ओढलेल्या विजेला अर्थिंग कुठलं! विजेच्या मोटारीने प्रामाणिकपणा सक्तीचा केला, हा तिचा गुण कोणत्याही जाहिरातीत सांगितलेला नाही.

आता पैसा. लहान गाडी एका युनिटात सात किलोमीटर जाते असं धरू. कंपनीचा कागद जास्त सांगतो. टियागो ईव्हीच्या २४ युनिटांच्या गाडीला चाचणीत ३१५ किलोमीटरचं प्रमाणपत्र मिळालं होतं. रस्त्यावर ती एसी लावून दोनशेच्या आतबाहेर जाते. शिवाय प्लगमधून निघालेली सगळी वीज बॅटरीत उतरत नाही, दहा-बारा टक्के वाटेत उष्णतेला जाते. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला मग महिन्याला १६० युनिट जास्तीचे लागतात. आणि इथं महावितरणचे टप्पे आडवे येतात. २०२४-२५ च्या दराने पहिल्या शंभर युनिटांना वहन आकारासह सहा रुपयांच्या आसपास पडायचे, शंभराच्या पुढे साडेअकरा. घरचा वापर आधीच नव्वद युनिट असेल, तर गाडीच्या वाट्याला स्वस्त दराचे जेमतेम दहा युनिट येतात, बाकी दीडशे महागाचे. महिन्याला पावणेअठराशे, वर्षाला साडेएकवीस हजारांच्या आत. घरातल्या आधीच्या पंख्या-टीव्हीने स्वस्त वीज खाऊन घेतली, ही भाऊबंदकी गाडीला मान्य करावीच लागते.

पेट्रोलच्या गाडीने तेच बारा हजार किलोमीटर केले तर? लिटरला सतरा धरले तर सातशे लिटर. परभणी आणि नांदेडकडचं पेट्रोल राज्यातल्या महागांत महाग म्हणून बातम्यांत येत असतं. तेलाचे डेपो दूर, टँकरचं भाडं भावात चढतं. १०५ रुपयांनी चौऱ्याहत्तर हजार होतात. म्हणजे वर्षाकाठी पन्नास हजारांवर फरक, आणि ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च वेगळा.

आता या दोन्हींच्या मध्ये आपली न मिळणारी गाडी बसवून पाहू. बारा हजारांतले बाराशे किलोमीटर इंजिनाच्या विजेवर झाले, म्हणजे नांदेडच्या काही खेपा आणि एखादी आडवाटेची वरात, तर लिटरला पंधराने ऐंशी लिटर पेट्रोल लागेल, ८,४०० रुपयांचं. उरलेल्या १०,८०० किलोमीटरची वीज एकोणीस हजारांची. एकूण साडेसत्तावीस हजारांच्या आसपास. निव्वळ बॅटरीच्या गाडीपेक्षा सहा हजार जास्त, त्यात वर्षाला एकदा ऑइल बदलणं धरा. गुरुजींच्या ‘बरं’ची वार्षिक किंमत ही एवढीच आहे. महाग नाही. महाग पडतं ते इंजिन आधी विकत घेणं आणि रोज वाहून नेणं.

छतावर सूर्य पकडला तर सगळंच बदलतं. फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॉटच्या पट्ट्या दिवसाला चारेक युनिट देतात, म्हणजे गाडीचे महिन्याचे १६० युनिट दीड किलोवॉटच्या आतच निघतात. मराठवाड्याला निसर्गाने पाणी मोजून दिलं, ऊन मात्र हात सैल सोडून दिलं आहे. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने तर पट्ट्या थेट गाडीच्या टपावरच चढवल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आलेली त्यांची ईवा उन्हावर वर्षाला तीन हजार किलोमीटरपर्यंत जास्तीचे मिळवते, असं कंपनी सांगते. दिवसाला आठ-दहा किलोमीटर फुकट. इस्लापूरच्या बाजारात लिंबाच्या सावलीसाठी गाड्यांची भांडणं होतात. ईवावाला तेवढा उन्हात जागा मागेल आणि सगळ्यांना दुवा देईल.

बाहेर चार्ज करायची वेळ आली तर जलद चार्जरवर युनिटला अठरा-वीस रुपये आणि वर कर. शंभर किलोमीटरला तीनशे धरा, तरी पेट्रोलच्या निम्मे. अडचण पैशाची नसते, ॲपची असते. प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, प्रत्येकात आधी पैसे भरा, ओटीपीची वाट पाहा. चार्जर रस्त्याच्या या बाजूला आणि मोबाइलचं नेटवर्क त्या बाजूच्या टेकडीवर, अशी फाळणी झाली की माणूस ओटीपीसाठी टेकडी चढतो आणि आकडा पाठ करत पळत खाली येतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती आणि समृद्धी या तीन रस्त्यांवर टोल माफ केला आहे. तिन्हींपैकी एकही इस्लापूरला येत नाही. भोकरच्या पुढच्या रस्त्यावर तशीही दुसरी सवलत आहे. खड्ड्यांमुळे वेग पन्नासच्या वर जात नाही, आणि कमी वेगाला बॅटरी जास्त पुरते. शंभराच्या वेगाने दीडशे किलोमीटर देणारी गाडी इथं दोनशे देते. गतिरोधकाच्या आधी पाय उचलला की मोटरच जनित्र बनते आणि थोडी वीज परत मिळते. हिमायतनगरपर्यंत गतिरोधक इतके आहेत की कमाईची संधी दर वळणावर.

खरं पाहिलं तर आपल्या भागातल्या माणसाला रेंज एक्स्टेंडर समजावण्याची गरजच नाही. नळ आहे तरी बोअर असतो, बोअर आहे तरी टाकी भरून ठेवलेली असते. वीज आहे तरी इन्व्हर्टर, इन्व्हर्टर आहे तरी कपाटात मेणबत्ती. पण ही दुसरी सोय आपण वस्तूच्या पोटात ठेवत नाही, शेजारी ठेवतो. गाडीच्या बाबतीतही ती शेजारीच उभी आहे. अंगणात स्प्लेंडर, फाट्यावर काळी-पिवळी, स्टँडवर एसटी, किनवटहून मुंबईला नंदीग्राम, आणि रात्री दोन वाजता १०८ ची रुग्णवाहिका. गुरुजींचा तो एक दिवस या सगळ्यांत वाटला गेला, की १२० किलोंचं इंजिन घरच्या गाडीत वागवायला कारण उरत नाही.

बीएमडब्ल्यूलाही शेवटी हेच दिसून आलं. नव्या मालकाला सुरुवातीला इंजिन वारंवार लागायचं, गाडीची सवय झाली की क्वचितच. बॅटरी २२ वरून ३३ आणि पुढे ४२ युनिटांची झाली, तसं २०१८ च्या अखेरीस युरोपात इंजिनवाली आवृत्ती बंद झाली. २०२२ मध्ये आय-थ्रीच बंद झाली. चीनमध्ये मात्र ली ऑटोने २०१९ पासून हेच तंत्र मोठ्या गाड्यांत घालून भरपूर खप मिळवला. तिथं माणसं सणाला हजार-हजार किलोमीटर गावी जातात आणि चार्जरपुढे रांगा लागतात. लहान गाडीला हे गणित जमलं नाही. लहान गाडीत जागा कमी, नफा कमी, आणि एकाच पोटात दोन चुली पेटवायचा खर्च तेवढाच.

तेव्हा इस्लापूर, हिमायतनगर, किनवटच्या ज्या वाचकाचं रोजचं फिरणं साठ-सत्तर किलोमीटरच्या आत आहे आणि ज्याला स्वतःच्या दारात गाडी लावायला जागा आहे, त्याने इंजिनवाल्या गाडीची वाट न पाहता चोवीस युनिटांच्या आसपासची साधी बॅटरीची गाडी घ्यावी. नांदेडला जाताना परतीच्या आधी जेवणाच्या वेळेत तिलाही जेवू घालावं. स्प्लेंडर विकू नये. आणि शोरूमला ॲडव्हान्स देण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्यावं, कारण गाडी महिन्याभरात येते, वायरमन सोयाबीनची रास झाल्याशिवाय येत नाही.